सोफिया गुबायदुलिना : जीवन आणि संगीत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोफिया गुबायदुलिना कोण होत्या?

सोफिया असगातोव्ना गुबायदुलिना (२४ ऑक्टोबर १९३१ – १३ मार्च २०२५) या सोव्हिएत काळात घडलेल्या आणि आयुष्याची शेवटची तीन दशके जर्मनीत काढलेल्या संगीतकार होत. वोल्गा आणि कामा नद्यांच्या प्रदेशातील तातार स्वायत्त प्रजासत्ताकात, चिस्तोपोल या कामाकाठच्या लहानशा शहरात त्यांचा जन्म झाला आणि बालपण व पहिले शिक्षण कझान या तातारस्तानच्या राजधानीत झाले. व्हायोलिन, चेलो (त्याहून मोठे, खालच्या आवाजाचे तंतुवाद्य) आणि बायान (रशियन अकॉर्डियन) या वाद्यांसाठी त्यांनी लिहिलेल्या रचना आज जगभरच्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत नियमित असतात. त्यांचे संगीत धार्मिक आहे, पण प्रार्थनास्थळात गाण्यासाठी लिहिलेले नाही. ते प्रयोगशील आहे, पण प्रयोगासाठी प्रयोग करणारे नाही. या दोन्ही गोष्टी सोव्हिएत व्यवस्थेला सारख्याच खटकत होत्या.

त्यांना तातार संगीतकार म्हणणे कितपत योग्य आहे?

वडील तातार होते आणि भूमापन अभियंता म्हणून काम करीत. आई रशियन आणि शिक्षिका होती. वडिलांचे वडील इमाम होते. घरात मात्र रशियन बोलली जाई. आपण रक्ताने अर्ध्या तातार आणि अर्ध्या रशियन आहोत, आपल्याला घडवणारे महत्त्वाचे शिक्षक ज्यू होते आणि संगीतात आपल्यावर सर्वाधिक प्रभाव बाख व वेबर्न या जर्मन परंपरेतील रचनाकारांचा आहे, असे त्या स्वतःविषयी सांगत. कोणत्याही एका प्रवाहाचा झेंडा त्यांनी खांद्यावर घेतला नाही.

तातार अभिजात संगीताचा मुख्य रस्ता वेगळा आहे. सालिख सैदाशेव (१९००–१९५४) यांनी नाट्यसंगीत आणि गीतांतून त्याचा पाया घातला. फरीद यारुल्लिन यांनी ‘शुराले’ हा तातार बॅले लिहिला आणि १९४३ साली ते युद्धात मारले गेले. नाझिब जिगानोव (१९११–१९८८) यांनी ऑपेरा आणि सिंफनी लिहिल्या, आणि १९४५ साली कझान संगीत महाविद्यालय सुरू झाल्यापासून मरेपर्यंत त्याचे प्रमुखपद सांभाळले. या मंडळींनी तातार लोकगीतांतील पाच स्वरांच्या चाली आणि त्यांतील बारीक हरकती युरोपीय वाद्यवृंदाच्या चौकटीत बसवल्या. ज्याला तातार सूर ऐकायचा आहे त्याने त्यांच्याकडेच जावे. गुबायदुलिना यांच्या रचनांत ओळखू येईल अशी तातार चाल शोधणारा बहुधा रिकाम्या हाती परत येतो. १९९२ साली त्यांनी बायान आणि दोन डबल बास यांच्यासाठी ‘तातार नृत्य’ लिहिले खरे, पण ते त्यांच्या एकूण कामातले एक छोटे वळण आहे.

तरीही त्यांना तातार म्हणणे केवळ जन्मदाखल्यापुरते राहत नाही. ज्या संगीतात एकाच सुराला वळवत, दाबत, थरथरवत ठेवून त्यातून अर्थ काढला जातो, त्या पूर्वेकडील ऐकण्याच्या सवयीशी त्यांचे लेखन नक्कीच जवळचे आहे. शिवाय १९६९ ची त्यांची ‘रुबाइयात’ ही गायक आणि लहान वाद्यवृंदासाठीची रचना खय्याम, हाफिज आणि खाकानी या फारसी कवींच्या शब्दांवर उभी आहे.

बालपणाविषयी काय माहिती आहे?

त्या तीन बहिणींतल्या धाकट्या. १९३२ साली कुटुंब कझानला आले. घराच्या अंगणात झाड नव्हते, गवताची काडी नव्हती. त्यामुळे पाहायला उरले ते फक्त आभाळ, असे त्या मुलाखतींत सांगत. घरात पियानो आला तेव्हा बहिणी केवळ पट्ट्या वाजवून थांबल्या नाहीत, तर झाकण उघडून आतल्या तारांवरही खेळू लागल्या. पुढे वाद्याला त्याच्या रूढ जागेखेरीज इतरत्र कुठेही स्पर्श करण्याची जी सवय त्यांच्या स्वरलिपीत दिसते, तिचे मूळ या खेळात शोधण्याचा मोह होतो.

लहानपणी एका खेड्यातल्या घरात ख्रिस्ताची प्रतिमा पाहून त्यांना जी ओढ वाटली ती आईवडिलांच्या लक्षात आली आणि ते घाबरले. तो काळ श्रद्धा उघड करण्याचा नव्हता. इमामाच्या मुलाला तर ती भीती अधिकच असणार. मुलीने ती गोष्ट मनात ठेवली आणि पुढे १९७० साली प्रौढ वयात रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

त्यांचे संगीतशिक्षण कुठे झाले?

कझान येथे ग्रिगोरी कोगान यांच्याकडे पियानो आणि आल्बर्ट लेमान यांच्याकडे रचनाशास्त्र शिकून त्यांनी १९५४ साली पदवी घेतली. नंतर मॉस्को संगीत महाविद्यालयात निकोलाय पेइको यांच्याकडे, आणि १९५९ नंतर व्हिसारिओन शेबालिन यांच्याकडे त्यांचे पुढील शिक्षण झाले. ते १९६३ साली संपले. पियानोवादक म्हणून त्यांची तयारी चांगली होती, पण त्यांनी वादनाऐवजी लेखन निवडले.

‘चुकीच्या मार्गाने चालत राहा’ हे शोस्ताकोविच खरेच म्हणाले होते का?

होय, आणि ही गोष्ट गुबायदुलिना यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. मॉस्कोतील अंतिम परीक्षेच्या वेळी, १९५९ च्या सुमारास, परीक्षकांमध्ये ख्यातनाम सोव्हिएत संगीतकार दमित्री शोस्ताकोविच होते. गुबायदुलिना यांच्या रचनेविषयी इतरांनी नापसंती दाखवली होती. शोस्ताकोविच यांनी तिची बाजू घेतली आणि नंतर एकांतात, तुम्ही तुमच्या त्या ‘चुकीच्या’ मार्गानेच पुढे जावे अशी माझी इच्छा आहे, अशा अर्थाचे शब्द सांगितले. हे वाक्य आता इतक्या ठिकाणी छापले जाते की ते सुभाषितासारखे गुळगुळीत झाले आहे. पण ते म्हणणाऱ्या माणसाला १९३६ आणि १९४८ अशा दोन वेळा जाहीर निषेधाला तोंड द्यावे लागले होते आणि आपला मार्ग कितीतरी वेळा झाकून ठेवावा लागला होता, हे लक्षात घेतले तर त्याचे वजन कळते.

त्या काळी त्यांचा उदरनिर्वाह कसा चालत असे?

मुख्यतः चित्रपटसंगीतावर. सरकारी संगीतकार संघ ज्या रचना मान्य करत नसे त्यांना ना मानधन मिळे, ना प्रकाशन. चित्रपटांच्या जगात मात्र देखरेख सैल होती आणि तिथे विचित्र आवाज चालून जात, किंबहुना हवेच असत. गिर्यारोहकांवरचा ‘व्हर्टिकाल’ (१९६७) आणि रोलान बिकोव यांचा ‘चुचेलो’ ही त्यांच्या कामाची दोन ठळक उदाहरणे.

आपल्याकडच्या वाचकांना जवळचे वाटावे असे काम म्हणजे सोयुझमुल्टफिल्म या स्टुडिओची ‘मोगली’ ही १९६७ ते १९७१ दरम्यान पाच भागांत निघालेली रशियन व्यंगचित्रमालिका. मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांच्या गोष्टींतले, नागपूरच्या उत्तरेला असलेल्या सिवनीच्या बाजूचे जंगल या मालिकेत गुबायदुलिना यांच्या संगीतासह उभे राहिले. रशियातील कित्येक पिढ्यांनी त्यांचे संगीत पहिल्यांदा ऐकले ते इथेच, आणि संगीतकाराचे नाव न वाचता.

१९७९ साली नेमके काय घडले?

त्या वर्षी पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरात झालेल्या महोत्सवात काही सोव्हिएत संगीतकारांच्या रचना संघाच्या अधिकृत परवानगीवाचून सादर झाल्या. नोव्हेंबर १९७९ मध्ये भरलेल्या संगीतकार संघाच्या सहाव्या अधिवेशनात, १९४८ पासून संघाच्या सर्वोच्च पदावर असलेल्या तिखोन ख्रेन्निकोव यांनी व्यासपीठावरून सात जणांची नावे घेऊन त्यांची निर्भर्त्सना केली. येलेना फिरसोवा, दमित्री स्मिर्नोव, अलेक्सांद्र क्नायफेल, व्हिक्टर सुस्लिन, व्याचेस्लाव आर्त्योमोव, एदिसोन देनिसोव आणि सोफिया गुबायदुलिना ही ती सात नावे.

अशा प्रसंगी अटक होत नसे. गोष्टी फक्त थंडपणे थांबत. रेडिओवर रचना वाजत नाहीत, छपाईसाठी स्वीकारल्या जात नाहीत, परदेशी जाण्याचा अर्ज कुठेतरी अडतो. या सातांपैकी सुस्लिन १९८१ साली देश सोडून गेले. गुबायदुलिना राहिल्या, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या रचना नेमक्या याच अडवणुकीच्या वर्षांत लिहिल्या गेल्या. अडवणुकीमुळे त्या चांगल्या झाल्या असे म्हणण्याची एक फॅशन आहे, ती मला पटत नाही. त्यांची वाट १९७९ पूर्वीच ठरलेली होती, हे १९७८ ची ‘दे प्रोफुंदिस’ ही बायानवरची रचना ऐकली तरी कळते.

‘आस्त्रेया’ हा काय प्रकार होता?

१९७५ साली गुबायदुलिना, सुस्लिन आणि आर्त्योमोव या तिघांनी स्थापलेला तात्कालिक वादनाचा गट. रशिया, कॉकेशस आणि मध्य आशियातील लोकवाद्ये व विधींमध्ये वापरली जाणारी वाद्ये घेऊन तिघे बसत आणि कोणतीही आधी ठरलेली संहिता न घेता वाजवत. जी वाद्ये वाजवण्याचे रीतसर शिक्षण तिघांपैकी कुणीच घेतले नव्हते ती मुद्दाम निवडली जात, कारण सवयीचे बोट सवयीच्या जागीच पडते. या बैठकींचा परिणाम पुढे त्यांच्या वाद्यवृंदातील तालवाद्यांच्या वापरावर आणि जपानी कोतोसाठी लिहिलेल्या ‘वृक्षाच्या छायेत’ (१९९८) सारख्या रचनेवर दिसतो.

बायान हे वाद्य त्यांच्या संगीतात इतके महत्त्वाचे का आहे?

बायान म्हणजे बटणांचे रशियन अकॉर्डियन. भात्याने हवा ढकलायची आणि त्या हवेने धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावून स्वर निघायचा, हे तत्त्व आपल्या पेटीचेच. फरक असा की बायान छातीशी धरून दोन्ही हातांनी भाता ताणला व दाबला जातो आणि दोन्ही बाजूंना बटणे असतात. रशियात हे लग्नसमारंभाचे, गावजत्रेचे वाद्य. गंभीर सभागृहात त्याला जागा मिळवून देण्याचे काम फ्रिडरिख लिप्स या वादकाने केले, आणि त्यांच्यासाठी गुबायदुलिना यांनी ‘दे प्रोफुंदिस’ (१९७८) ही एकल रचना लिहिली.

त्यांना या वाद्यात आवडला तो त्याचा श्वास. स्वराचे बटण न दाबता भाता उघडला तर फक्त हवेचा आवाज येतो, उसासा टाकल्यासारखा, आणि त्या तो आवाज स्वराइतक्याच गांभीर्याने लिहितात. ‘दे प्रोफुंदिस’ मंद्र सप्तकातल्या जड, धापा टाकणाऱ्या स्वरगुच्छांपासून सुरू होते आणि हळूहळू वर चढत जाते. भाता झटक्याने थरथरवल्यावर येणारा कंप, दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड (पट्ट्यांच्या वाद्यावर मींड काढणे किती कठीण आहे हे पेटीवादक जाणतात) आणि मध्येच उभी राहणारी साधी, स्वच्छ सुरावट, एवढ्या साहित्यावर ती पेलली जाते.

१९८२ च्या ‘सात वचने’ या रचनेत चेलो, बायान आणि तंतुवाद्यांचा समूह आहे. ख्रिस्ताने क्रुसावर उच्चारलेली सात वाक्ये हा तिचा विषय. पण सोव्हिएत सभागृहात ते नाव छापणे शक्य नव्हते, म्हणून तेव्हा ती ‘पार्तिता’ या निरुपद्रवी नावाने सादर झाली. शेवटच्या भागात चेलोवादकाचा गज घोडीच्या दिशेने सरकत जातो, घोडीवर येतो आणि मग तिच्या पलीकडे जातो, जिथे तारेला नेमका स्वर उरत नाही. मरणाचा क्षण त्यांनी दाखवला आहे तो असा, हाताच्या एका हालचालीने. सभागृहात बसलेल्याला तो डोळ्यांनीही दिसतो, म्हणून ही रचना शक्य असेल तर चलच्चित्रासह ऐकावी.

‘ऑफर्टोरियम’ ही रचना एवढी प्रसिद्ध का झाली?

कारण तिची कल्पना एका वाक्यात सांगता येते आणि तरी ऐकताना ती संपत नाही. गिडोन क्रेमर या व्हायोलिनवादकाने एकदा टॅक्सीतून जाताना सहज, आपल्यासाठी एक कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) लिहा असे सुचवले; गुबायदुलिना यांनी ते गंभीरपणे घेतले. रचना १९८० साली पूर्ण झाली, ३० मे १९८१ रोजी व्हिएन्नात क्रेमर यांनी ती प्रथम वाजवली, आणि १९८२ व १९८६ साली गुबायदुलिना यांनी तिच्यात बदल केले. अधिकृत जगाने दार लावलेले असताना त्यांचे नाव युरोप-अमेरिकेत पोहोचले ते या एका रचनेमुळे आणि क्रेमर यांच्या चिकाटीमुळे.

मूळ विषय बाखचा, किंवा खरे तर प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा. १७४७ साली त्याने पॉट्सडॅम येथे बाखला एक सुरावट दिली आणि तिच्यावर बाखने ‘संगीतार्पण’ हा रचनासंग्रह लिहिला. गुबायदुलिना ही सुरावट सुरुवातीलाच मांडतात, पण एका वाद्यावर नाही. एक स्वर एका वाद्यावर, पुढचा दुसऱ्या वाद्यावर, अशा रीतीने ती वाद्यवृंदभर वाटली जाते. बाखच्याच या विषयावर वेबर्नने १९३५ साली ही पद्धत वापरली होती आणि इथे तिला उघड अभिवादन आहे. सुरावट षड्जावर येऊन विसावणार इतक्यात शेवटचा स्वर गाळला जातो आणि तिथेच व्हायोलिन प्रवेश करते.

त्यानंतर दर आवर्तनात सुरावटीच्या सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे स्वर कमी होत जातात. ती दोन्ही टोकांनी स्वतःला देऊन टाकत राहते, मध्यावर पोहोचेपर्यंत तिच्यातले काही उरत नाही. शीर्षकाचा अर्पणाशी असलेला संबंध इथे कळतो: त्याग हा विषय म्हणून सांगितलेला नाही, तो स्वरांवर प्रत्यक्ष केलेला आहे. अंतिम भागात तंतुवाद्ये एक संथ स्तोत्रासारखे गायन सुरू करतात आणि त्याखालून पियानो व हार्पवर एकेक स्वर परत येऊ लागतो. सुरावट मधूनच बाहेरच्या दिशेने वाढत पुन्हा पूर्ण होते, फक्त आता ती उलटी आहे. आणि व्हायोलिन अगदी वरच्या सप्तकातील एका दीर्घ स्वरावर थांबते. हे उलटेपण कानाला ओळखू येत नाही असा आक्षेप घेतला जातो व तो खरा आहे. पण काहीतरी हरवले होते आणि ते वेगळ्या रूपात परत आले, एवढे मात्र ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही त्यालाही जाणवते.

त्यांच्या संगीतात गणित असते असे म्हणतात, ते कसे?

१९८० च्या दशकापासून त्या फिबोनाची श्रेणीचा (१, २, ३, ५, ८, १३, २१…, जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज असतो) उपयोग रचनेचे भाग किती लांब असावेत हे ठरवण्यासाठी करू लागल्या. त्यांचे पती, वादक आणि सिद्धांतकार प्योत्र मेश्चानिनोव यांचा या विषयाचा अभ्यास होता. सर्वांत धीट उदाहरण म्हणजे १९८६ ची बारा भागांची सिंफनी, जिच्या जर्मन नावाचा अर्थ ‘आवाज… निःशब्द होतात…’ असा आहे. तिच्या नवव्या भागात वाद्यवृंद गप्प बसतो आणि संचालक एकटाच, मौनात, हातांच्या मोजलेल्या हालचालींनी लय दाखवतो. त्या हालचालींची प्रमाणे याच श्रेणीतून आली आहेत. ही सिंफनी गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की यांना अर्पण केली आहे आणि त्यांनीच ती पश्चिम बर्लिनमध्ये प्रथम संचालित केली. केवळ आकडेमोडीवर रचना जगत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते.

त्या जर्मनीत केव्हा आणि का गेल्या?

१९९२ साली, सोव्हिएत संघ मोडल्यानंतर. हाम्बुर्गजवळच्या आपेन या खेड्यात त्या राहिल्या आणि तिथेच त्यांचे निधन झाले. जुने सहकारी सुस्लिन शेजारीच राहत. शांतता आणि झाडे हे त्या मुख्य कारण सांगत.

उत्तरायुष्यातील महत्त्वाच्या रचना कोणत्या?

बाखच्या मृत्यूला २५० वर्षे झाली त्या निमित्ताने श्टुटगार्टच्या बाख अकादमीने २००० साली चार संगीतकारांकडून चार ‘पॅशन’ (ख्रिस्ताच्या यातना आणि मरण यांवरच्या गायनरचना) लिहवून घेतले; त्यांपैकी योहानच्या शुभवर्तमानावरचा त्यांचा, रशियन भाषेतला. व्होल्फगांग रीम, ओस्वाल्दो गोलिखोव आणि तान दुन हे इतर तिघे. ‘इन तेम्पुस प्रेझेन्स’ (२००७) हा दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो आन-सोफी मुटर यांच्यासाठी लिहिला असून त्यातील वाद्यवृंदात व्हायोलिन एकही नाही, त्यामुळे एकल वाद्य अंधाऱ्या, खालच्या आवाजांवर एकटे तरंगत राहते. ‘देवाचा क्रोध’ ही मोठ्या वाद्यवृंदाची रचना नोव्हेंबर २०२० मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या असलेल्या व्हिएन्नाच्या सभागृहातून प्रक्षेपित झाली; तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. याच काळात वैयक्तिक आयुष्यात मोठे आघात झाले: २००४ साली मुलगी नादेझ्दा आणि २००६ साली पती मेश्चानिनोव गेले.

मानसन्मानांत जपानचे प्रेमियम इम्पेरियाले (१९९८), स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कार (२००२) आणि व्हेनिस बिएनालेचा सुवर्णसिंह (२०१३) यांचा उल्लेख करावा लागेल.

त्यांचे संगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी?

‘ऑफर्टोरियम’पासून सुरुवात करा असे सगळे सांगतात. माझे मत थोडे निराळे आहे. पस्तीस मिनिटांच्या वाद्यवृंदाआधी दोनच वाद्यांची ‘इन क्रोचे’ (१९७९) ऐकावी. चेलो खालून निघतो, ऑर्गन वरून. दोघे मध्यावर एकमेकांना छेदतात आणि जागा बदलतात. क्रुसाचा आकार इथे कोणत्याही शब्दाशिवाय कानाला ऐकू येतो आणि त्यांची पद्धत एका बैठकीत कळते. नंतर १९६९ ची ‘सांगीतिक खेळणी’ ऐकावी. मुलांसाठीचे हे चौदा पियानोतुकडे त्यांची विनोदबुद्धी दाखवतात, जिचा उल्लेख गंभीर लेखांत क्वचितच येतो. त्यापुढे ‘सूर्यस्तोत्र’ (१९९७), जे चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लिहिले गेले. त्यात मध्येच चेलोवादक आपले वाद्य बाजूला ठेवतो, मोठ्या ढोलाकडे जातो आणि तोही वाजवतो.

मैफिलीत जोरात टाळ्यांनी संपेल असे त्यांच्याकडे फार थोडे आहे. तबकडी लावून दुसरे काम करत ऐकणाऱ्याला हे संगीत तुटक आणि रिकामे वाटेल, कारण त्यातील शांततेच्या जागा स्वरांइतक्याच लिहिलेल्या आहेत.

कझानमध्ये त्यांच्या स्मृती कुठे पाहायला मिळतात?

गुबायदुलिना कुटुंब ज्या घरात राहत असे तिथे २००१ पासून त्यांच्या नावाचे आधुनिक संगीताचे केंद्र चालते. ‘इन क्रोचे’चा पहिला प्रयोगही मॉस्कोत नव्हे, तर कझानमध्येच झाला होता, १९७९ च्या सुरुवातीला, म्हणजे संगीतकार संघाच्या त्या अधिवेशनाच्या काही महिने आधी, चेलोवर व्लादिमिर तोन्खा होते आणि ऑर्गनवर कझानचेच रुबिन अब्दुल्लिन.